पाण्याला पंक्चर

एडवणला सूर्य येतो तो मावळायलाच. उगवण्याचे काम तो गावाच्या पाठीमागे, ताडांच्या रांगेआड, कोणाला न दाखवता उरकून घेतो. त्यामुळे मार्चमधल्या सकाळचा उजेड अंगणात एकदम शिरत नाही. आधी तो सर्वांत उंच ताडाच्या शेंड्याला लागतो, मग तिथे टांगलेल्या मडक्याला, आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. हा मधला, काहीच न घडणारा वेळ मितेशला फार आवडत असे. त्यानंतर उजेड कौलांवरून हळूहळू ओघळतो आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवावर येतो. तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने लटकलेले बोंबील आतून कोणीतरी वात लावल्यासारखे एकेक करून उजळू लागतात. तिथून तो दुरुस्तीसाठी उपड्या घातलेल्या बापाच्या लहान होडीवर उतरतो, फळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवल्यासारखा सरकतो आणि सर्वांत शेवटी, पायरीशी उभ्या असलेल्या मोटरसायकलपाशी पोचतो. आरसा. फाटक्या सीटवर गुंडाळलेली चिकटपट्टी. मागचे चाक. आज त्या चाकाच्या खालच्या अंगाला एक ठिपका तांबूस चमकत होता.

घोळीचा खवला असेल, असे मितेशने ठरवले. मासळीच्या घरात खवले कुठेही चिकटतात, माणसाच्या भुवईलासुद्धा. हातातला चहा निवेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

"मित्या, उजेड काय पयल्यांदाच बघतोस?" ओट्यावरून काशीबाईचा आवाज आला. "चल. अकराच्या आत पोचायचं हाय."

काशीबाई ही मितेशची आत्या. मितेश चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि बाप पुंडलिक महिन्यातले वीस दिवस समुद्रावर, म्हणून विधवा काशीबाई माहेरी परत आली आणि तिने भाच्याला वाढवले. मासळी विकून वाढवले, त्यामुळे त्याच्या संगोपनात एक प्रकारची घाई आणि खणखणीतपणा राहून गेला. ती बोलायची ते तीन घरांपलीकडे ऐकू जाई. मितेश बोलायचा ते कधीकधी त्याचे त्यालाही ऐकू जात नसे.

गेली सात वर्षे तो तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासत होता. नोकरी कंत्राटी होती, पण तिलाही त्याच्याविषयी आणि त्यालाही तिच्याविषयी काही तक्रार नव्हती. तक्रार आत्याची होती. बोईसरच्या कॉलनीत ती वीस वर्षे मासळी घेऊन जाई, आणि तिथल्या हिमानी मॅडमचे यजमान एका मोठ्या कंपनीत मोठे साहेब होते. ते आता गुजरातेतल्या दहेजच्या नव्या कारखान्यात चालले होते. एका पावसाळी दुपारी कोळंबी निवडता निवडता आत्याने भाच्याचा विषय काढला आणि साहेबांनी, कोळंबी चांगली होती म्हणून असेल, शब्द दिला. एक एप्रिलपासून कायमची नोकरी. राहायला खोली. मात्र रविवारी सकाळी अकराच्या आत येऊन भेटायचे, कागद दाखवायचे आणि साहेबांच्याच गाडीतून दहेजला जाऊन सह्या करून यायचे. अकरा म्हणजे अकरा.

मितेशला विचारले तेव्हा तो "हं" म्हणाला होता. त्याचा तो "हं" होकार नव्हता, नकारही नव्हता. घसा साफ करण्याच्या जवळची ती एक गोष्ट होती. पण आत्याने त्याचा होकार करून सगळ्या आळीत वाटला. आठ दिवसांत दोन नारळ, एक टॉवेल आणि शेजारच्या नर्मदाकाकूंनी दिलेला पितळी डबा घरात येऊन पडला. एवढ्या वस्तू आल्यावर घसा पुन्हा साफ करणे अवघड होते.

भेटायला रिकाम्या हाती जाणे किनाऱ्यावरच्या माणसाला जमत नाही. त्यातून कालची रात्र अवसेची. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, पुनवेला पोकळ आणि अवसेला भरलेली, हे तिथे शाळेआधी शिकवले जाते. पहाटे खाडीतून बारा जिवंत चिंबोऱ्या आणून आत्याने त्यांच्या नांग्या सुतळीने आवळल्या, त्या ओल्या गोणपाटात भरल्या आणि ती गोण मांडीवर घेऊन ती मोटरसायकलवर मागे बसली. मितेशच्या पाठीला पहिल्या मैलातच ओल लागली.

केळवे गेले, माहीम गेले, पालघरचा बाजारही मागे पडला. उमरोळीच्या अलीकडे रस्ता सरळ आणि मोकळा होता आणि तिथेच मागचे चाक नाचू लागले.

"मित्या, गाडी डोलते का रे?"

"रस्ता खराब आहे."

"रस्ता नाय डोलत. तू नि मी डोलतोय. होडीत बसल्यासारखं."

मितेश आणखी थोडा पुढे गेला. मग चाकच जमिनीवर बसले आणि विषय मिटला. सुदैव असे की जिथे ते बसले तिथून शंभर पावलांवर एका चिंचेच्या फांदीला जुना टायर टांगलेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने 'पंक्चर' लिहिले होते.

ती टपरी देवू आणि ठकी या जोडप्याची. विक्रमगडच्या डोंगरात त्यांचा भाताचा लहानसा तुकडा. पाऊस सरला की ते खाली रस्त्याला येत. पूर्वी वीटभट्टीवर जात, पण भट्टीचा मुकादम ओरडतो आणि टायर ओरडत नाही, एवढ्या कारणाने देवूने हा धंदा निवडला होता. तो सावकाश माणूस होता. त्याने गाडीकडे पाहिले, मितेशच्या ओल्या पाठीकडे पाहिले, गोणपाटाकडे पाहिले आणि मगच पाना हातात घेतला. ठकी चुलीपाशी सुपात तांदूळ निवडत होती. तिने फक्त गोणीकडे पाहिले.

सव्वानऊ वाजले होते. बोईसर वीस मिनिटांवर. देवूने चाक खोलले, लोखंडी पट्ट्यांनी टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली आणि टायरच्या आत बोटे फिरवत एका जागी थांबला. चिमट्याने त्याने खिळा उपसला आणि साक्षीदाराने वस्तू दाखवावी तसा तो सगळ्यांसमोर धरला.

"दादा, नीट बघून घ्या. लोक म्हनतात, पंक्चरवालेच खिळे टाकतात. हा आपला नाय. असला खिळा आपल्या बापजन्मात पायला नाय."

खिळा तांब्याचा होता. चौकोनी अंगाचा, चपट्या डोक्याचा. मितेशने त्याच्याकडे ओझरते पाहून, रस्त्यावर काय वाट्टेल ते पडलेले असते, असे म्हटले आणि तो चिंचेचे खोड निरखू लागला. आत्याने हात पुढे केला. खिळा तळहातावर घेतला, दोन्ही बाजूंनी फिरवला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवून दिला. ती काहीच बोलली नाही. आत्याने काहीच न बोलणे ही इतकी दुर्मिळ घटना होती की मितेशने खरे तर ती तारीख लक्षात ठेवायला हवी होती. पण तेवढ्यात फोन वाजला.

हिमानी मॅडमचा होता. निघालात ना, साहेब बॅग भरून बसले आहेत. मितेश फोन घेऊन रस्त्याच्या कडेला गेला आणि त्याने शक्य तितक्या हळू आवाजात पंक्चर, उमरोळी, फक्त पंधरा मिनिटे असे सांगितले. मॅडमना ते तीनदा विचारावे लागले. त्या अवधीत टपरीत एक लहानशी गोष्ट घडली. मितेशची पाठ होती, देवू हवेचा पंप आणायला आत गेला होता आणि पाहिले ते फक्त ठकीने. मितेशने पाहिले नाही म्हणून आपणही ते तूर्त पाहायला नको.

तो परतला तेव्हा आत्या चिंचेखाली पाय पसरून बसली होती आणि पहिला पॅच चिकटला होता. देवूने ट्यूबमध्ये हवा भरली. टपरीपुढे पाण्याने भरलेला अर्धा पिंप होता. तारापूरच्या कारखान्यातून भंगारात आलेला, मधोमध कापलेला निळा पिंप. त्यातले पाणी आधीच रबराने काळसर होते, आता तर ते चहासारखे गढूळ दिसत होते. देवूने ट्यूब बुडवून फिरवली. पॅच गप्प होता. देवू समाधानाने ट्यूब वर काढणार, इतक्यात वीतभर पलीकडे पाण्यातून एक बुडबुडा वर आला आणि फुटला. त्याच्यामागून दुसरा.

"अजून एक हाय," देवू म्हणाला.

मितेश वाकला. सात वर्षे पाणी बघण्यात घालवलेला माणूस तो. बुडबुड्याचा आकार, वेग, दोन बुडबुड्यांमधले अंतर या गोष्टी त्याला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा लवकर कळत. "आणि इथे पण," तो म्हणाला. त्याने खिशातले पेन काढले, ट्यूब रुमालाने पुसली आणि दोन नीटस वर्तुळे काढली. वर्तुळात आकडे घातले. सवयीने वेळही लिहिली: नऊ त्रेचाळीस.

पंक्चर जोडणे हे घाईने होणारे काम नाही. जागा कानशीने घासायची, सोल्युशन लावायचे, ते सुकेपर्यंत दुसरीकडे बघायचे, पॅच दाबायचा, ठोकायचा. देवूने दोन्ही पॅच लावले आणि ट्यूब पुन्हा पाण्यात घातली. पॅच गप्प. पण आता बुडबुडे वॉल्व्हच्या उजव्या बाजूला आले. मितेशने तिसरे वर्तुळ काढले. देवूने चौथा पॅच लावला. बुडबुडे डाव्या बाजूला गेले.

मध्ये एक बोईसरची रिक्षा थांबली. मागे दोन माणसांची जागा होती. रिक्षावाल्याने हाक दिली. शहाण्या माणसाने गाडी टपरीत सोडून रिक्षा पकडली असती, आणि आत्या हे बोलेल म्हणून मितेशने मान खाली घातली. आत्या मात्र चिंचेच्या शेंड्याकडे टक लावून पाहत होती, जणू तिथे कोणी ओळखीचे बसले होते.

"तुम्ही व्हा पुढे," मितेशने रिक्षावाल्याला सांगितले. "इथे पाचच मिनिटांचे काम आहे."

पाचवा पॅच लागला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि देवूचा आपल्या हातांवरचा विश्वास डळमळू लागला होता. सहा वर्षांच्या धंद्यात त्याने ट्रॅक्टर जोडले होते, टँकर जोडले होते, एकदा तर वरातीतली बग्गी जोडली होती. पण असली ट्यूब त्याने पाहिली नव्हती. आधी जी जागा गप्प होती, तीच आता बुडबुडत होती; जी बुडबुडत होती, ती पॅच न लावताच गप्प बसली होती.

"दादा, ही ट्यूब हाय का चाळन?"

"आपण क्रमाने जाऊ," मितेश म्हणाला. त्याच्या आवाजात आज एक अनोळखी उत्साह होता. "सहावी जागा मला दिसली आहे."

देवूने क्रमाने जायला नकार दिला. तो आत गेला आणि कोऱ्या ट्यूबचे खोके घेऊन आला. बोईसरच्या दुकानातून परवाच आणलेली, कागदात गुंडाळलेली, पावडरचा वास येणारी. खात्री म्हणून, फक्त खात्री म्हणून, त्याने तिच्यात हवा भरली आणि ती पाण्यात बुडवली.

तीन ठिकाणी बुडबुडे आले.

देवू उकिडवा बसला होता तो खालीच बसला. मग उठून त्याने दुकानदाराला फोन लावला आणि नव्या ट्यूबला पंक्चर कसे येते, हे मोडक्या हिंदीत विचारले. दुकानदाराने उलट विचारले की सकाळी पोटात काय गेले आहे. देवूने पेज सांगितली. दुकानदाराने हसून फोन ठेवला, आणि देवूच्या चेहऱ्यावर जी उदासी पसरली ती मितेशने आरशात बऱ्याचदा पाहिलेली होती. त्याला देवूबद्दल फार आपुलकी वाटली.

तोवर टपरीपुढे दोन सायकलवाले आणि एक दूधवाला उभा राहिला होता. नवी ट्यूब देवूच्या मांडीवर होती, जुनी फांदीवर टांगलेली होती. पिंपात काहीच नव्हते. ठकीने सूप खाली ठेवले.

"त्या ट्यूबांना कशाला छळता?" ती म्हणाली. "त्या भायेर हायेत, तरी पानी बुडबुडतंय. पान्याला पंक्चर झालंय."

सगळ्यांनी पिंपाकडे पाहिले. गढूळ, रिकाम्या पाण्यातून सावकाश एक बुडबुडा वर आला, क्षणभर सगळ्यांकडे पाहत थांबला आणि फुटला.

आता मितेशच्या मनात जे आले, ते तारापूरच्या प्रयोगशाळेत सात वर्षे काढलेल्या माणसाच्याच मनात येईल. पिंप कारखान्यातला. पिंपाच्या प्लास्टिकमध्ये काय मुरलेले असेल, याचा नेम नाही. वर ऊन. आणि पाण्यातून वायू. त्याने दोन्ही हात पसरले आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू येईल असा बोलला.

"कोणी हात लावू नका. दहा पावले मागे व्हा. ही रासायनिक प्रक्रिया आहे."

दूधवाला वीस पावले मागे गेला. मितेशने गुडघ्यावर बसून पिंपावरची सूचना वाचण्याचा प्रयत्न केला. उन्हापावसाने ती सोलून निघाली होती आणि फक्त एक ओळ शिल्लक होती: उलटे करू नये. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येईना. त्याने ठकीला चूल विझवायला सांगितले. ठकीने ऐकले नाही. त्याने काडीने पाणी ढवळले. तळाशी काहीतरी जड हलले आणि एकदम सात-आठ बुडबुडे उसळले. सायकलवाल्यांपैकी एकाने फोन काढून चित्रण सुरू केले.

देवूला मात्र हा अपमान सहन झाला नाही. ट्यूब गेली, हात गेले, आता पाण्यावरही संशय. "दादा, सहा वर्सं या पान्यात हात धुतो मी," तो म्हणाला. "याच पान्यानं तोंड धुतो. हे पानी गरीब हाय." आणि पाण्याची बाजू घेण्यासाठी त्याने बाही सरकवून हात कोपरापर्यंत आत घातला.

पाण्यातल्या कोणीतरी तो हात हातात घेतला.

देवू ओरडला नाही. त्याने फक्त डोळे मोठे केले, हळूच हात वर काढला आणि सगळ्यांनी पाहिले की त्याच्या अंगठ्याला एक मुठीएवढी हिरवीकाळी चिंबोरी लोंबत आहे. तिच्या मागोमाग गोणपाटाचे तोंड वर आले. ते उघडे होते. देवूने हात झटकला, त्याचा पाय पिंपाला लागला, आणि उलटे करू नये अशी सूचना असलेला पिंप उलटा झाला.

बारा चिंबोऱ्या डांबरी रस्त्यावर आल्या. त्यांतल्या बऱ्याच सुतळीतून मोकळ्या झालेल्या. चिंबोरी तिरकी पळते, त्यामुळे तिच्या पुढे उभे राहायचे की बाजूला, हे डोंगरातल्या माणसाला कळत नाही आणि दूधवाल्याला तर मुळीच नाही. त्यानंतरची वीस मिनिटे उमरोळीच्या रस्त्यावर वाहतूक दोन्ही बाजूंनी थांबली होती. एक चिंबोरी टेम्पोखाली जाऊन बसली, टेम्पोवाला उतरायला तयार होईना. एकीने दुधाच्या किटलीचा आसरा घेतला. मितेश, ज्याला कॉलेजात धावण्याच्या शर्यतीत नाव देण्याचीसुद्धा लाज वाटली होती, तो हातात टॉवेल घेऊन रस्त्याच्या मधोमध धावत होता, मागून कवच धरून एकेक चिंबोरी उचलत होता आणि, कोणी विचारले तर त्याने ते नाकारले असते, पण तो हसत होता.

सात सापडल्या. पाच जणींनी रस्त्याकडेच्या नाल्यातून खाडीची वाट धरली.

"उन्हानं मरतील म्हनून पान्यात ठेवल्या होत्या," आत्याने एवढाच खुलासा केला. "मेलेली चिंबोरी कोन खातो? मला वाटलं, ठकी सांगंल."

"मला वाटलं, तुमी सांगाल," ठकी म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे न पाहता एकाच दिशेला पाहू लागल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आत्याचा फोन वाजला. आत्या फोन कानाला लावत नसे. ती तो तोंडासमोर आरशासारखा धरी, त्यामुळे पलीकडचे बोलणे साऱ्या रस्त्याला ऐकू आले. हिमानी मॅडम फार हळहळत होत्या. साहेब पाच मिनिटे जास्त थांबले, आता निघून गेले. जागा उद्याच भरायची आहे, तिथलाच कोणी मुलगा घेतील. मितेशचे नशीब नाही, दुसरे काय.

"नाय तर नाय," आत्या म्हणाली.

"आणि काशीबाई, त्या चिंबोऱ्या?"

"त्या पन गेल्या, मॅडम. बुधवारी घेऊन येते."

फोन बंद झाला. देवूने अंगठा दुसऱ्या हातात धरला आणि मान खाली घातली. आपल्या टपरीवर एका माणसाची कायमची नोकरी बुडाली, याचे त्याला वाईट वाटत होते. दूधवालाही टोपी काढून उभा राहिला. मितेशने आपल्या आत दुःख शोधून पाहिले. घाईत किल्ली शोधणारा माणूस जसा सगळे खिसे चाचपतो, तसे त्याने सगळीकडे चाचपले. निराशा असावी, पश्चात्ताप असावा, निदान आत्याची भीती तरी असावी. त्याला सापडली ती भूक. कडकडून, स्वच्छ, शाळेच्या सुट्टीत लागायची तशी भूक.

ठकीने कोणाला विचारले नाही. चूल पेटलेलीच होती. तिने तीन चिंबोऱ्या आत्याकडून घेतल्या, आत्याने चवथी आपण होऊन दिली, आणि दोघींनी मिळून लसूण, मिरची आणि वाटलेल्या खोबऱ्यात त्यांचे कालवण केले. मीठ किती यावरून त्यांचे थोडे वाजले, तेवढेच. चिंचेखाली बसून सगळे भात आणि कालवण जेवले. अवसेच्या चिंबोऱ्या, गच्च भरलेल्या. नांगी फोडायला देवूने पाना दिला. अंगठा सुजून लिंबाएवढा झाला होता, पण पाण्याची अब्रू परत मिळाल्यामुळे तो प्रसन्न होता.

"दादा, पॅच पाच लावले, पन पंक्चर एकच होतं," तो म्हणाला. "चार बुडबुड्यांचे मी घेत नाय."

जुनीच ट्यूब परत बसवली. एक पॅच कामाचा आणि चार नुसत्याच मानाचे. देवूने चाक आवळले, टायर दाबून पाहिला आणि पुढच्या वेळी चिंबोऱ्या आणाल तर आधी सांगा, एवढेच बजावले.

परतीला पालघर मागे पडले तसा वारा गार झाला. आत्या मागे बसली होती, उरलेल्या तीन चिंबोऱ्यांची गोण मांडीवर. बराच वेळ ती बोलली नाही. आजच्या दिवसातली ही दुसरी वेळ. माहीमच्या पुढे वाडीतल्या पानवेलींची सावली रस्त्यावर आली तेव्हा मितेशला राहवले नाही.

"आत्या, रागावलीस?"

"कशाला?"

"नोकरी गेली. तू सगळ्यांना सांगितलंस. नर्मदाकाकूंचा डबा परत द्यावा लागेल."

"डबा काय, देऊन टाकू. सुक्या बोंबलानं भरून देऊ." तिने मांडीवरची गोण सावरली. "मित्या, मी चाळीस वर्सं चिंबोऱ्या बांधते. ट्रकमदी बांधून पाठवल्या, एसटीत पाठवल्या. माझ्या गाठीतनं आजवर एक सुटली नाय."

मितेशने वेग कमी केला. मागे वळून पाहण्याचे धाडस त्याला झाले नाही. आरशात फक्त तिचा पदर दिसत होता, फडफडणारा, आणि त्याच्या टोकाची गाठ.

"मग आज कशा सुटल्या?"

"सोडल्या तर सुटतात," आत्या म्हणाली. तिचा आवाज आज शेजारच्या घरातही गेला नसता. "रोज संध्याकाळी तुझी गाडी वळनावर वाजते ना, तवा मी भात उतरवते. दहेजला गेलास तर भात कधी उतरवायचा, ते मला कळंना. सांगू कुनाला? माझंच तोंड सगळ्या गावात वाजलेलं."

केळव्याची बाग आली आणि गेली. मितेशला काहीतरी म्हणायचे होते. तो "हं" म्हणाला. पण हा "हं" वेगळा होता आणि आत्याला तो बरोबर कळला, कारण तिने त्याच्या ओल्या पाठीवर एक चापट मारली.

घराच्या अंगणात ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावरून कलले होते आणि बोंबील नुसते बोंबील दिसत होते. आत्या उतरली. पदराची गाठ सोडून तिने खिळा काढला, उपड्या होडीपाशी गेली आणि तिथे ठेवलेल्या डब्यात तो टाकला. डबा तशाच तांब्याच्या, चौकोनी अंगाच्या खिळ्यांनी अर्धा भरलेला होता. खिळा आपल्या भावंडांत पडल्याचा बारीक आवाज आला.

"सकाळी किती येळ हुबा होतास इथं," ती पाठमोरीच म्हणाली. "चा निवला तरी."

"उजेड बघत होतो."

"हं," आत्या म्हणाली आणि संध्याकाळच्या भाताचे तांदूळ निवडायला आत गेली.

मितेश चाकापाशी उभा राहिला. पाच पॅच आत घेऊन ते निवांत उभे होते. सकाळी तो उजेड बघत नव्हता. तो खिळा बघत होता.